परत आलेल्या पुस्तकांचं टेबल

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेलं वाचनालय आहे. शासनाच्या यादीत 'तालुका ब' वर्ग. खाली जुनी चिरेबंदी इमारत, मंगलोरी कौलं, वरच्या अंगाला आमदार निधीतून बांधलेला स्लॅबचा हॉल. कार्यकारी मंडळाची तक्रार अशी की सभासद कमी होत चाललेत, पुस्तकं घरी जात नाहीत, गावात कुणाला वाचायचं नाही. मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "तुम्ही एकदा येऊन बघा आणि जे दिसेल ते आम्हाला लिहून द्या." त्यावरून मी तिथे गेले आणि पुढे वर्षभराहून जास्त काळ अधूनमधून जात राहिले. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. अशी वाचनालयं राज्यात गावोगाव आहेत आणि त्यांची अडचणही बरीचशी हीच आहे.

कोकणाला वाचनालयं नवी नाहीत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं. मी पाहिलेलं वाचनालय त्यांच्या मानाने लहान आणि बरंच नंतरचं, पण घडण तीच. गावातल्या चार शिकलेल्या लोकांनी वर्तमानपत्रं मागवायला सुरुवात केली, मग एक कपाट आलं, मग मुंबईत नोकरीला गेलेल्यांनी पुस्तकं पाठवली. आजही तिथल्या बहुतेक कपाटांवर ऑइलपेंटने 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं आहे.

काय दिसलं

आत गेल्यावर डावीकडे वर्तमानपत्रांचं लांब टेबल. सकाळी तिथे निवृत्त मंडळी असतात. अंक कुणाच्या हातात आधी जायचा याचा क्रम त्यांच्यात ठरलेला आहे. वरच्या हॉलमध्ये अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन थांबतात, स्वतःची पुस्तकं, स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. वाचनालयाच्या पुस्तकांशी त्यांचा संबंध येत नाही, जागा आणि पंखा एवढंच त्यांना हवं असतं. त्यात वाईट काही नाही. घरी एका खोलीत पाच माणसं असतील तर शांत खुर्ची मिळणं हीसुद्धा वाचनालयाने दिलेली मोठी सेवा आहे.

समोर लाकडी काउंटर, त्याला जाळी, जाळीत खिडकी, वर पाटी 'देवघेव विभाग'. काउंटरच्या मागे कपाटांच्या रांगा: लोखंडी चौकट, काचेची दारं, प्रत्येकाला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपाल मॅडमच्या खणात. पुस्तक हवं असेल तर खिडकीत नाव सांगायचं. नाव माहीत नसेल तर तालिकेच्या दोन वह्या आहेत, एक लेखकानुसार आणि एक पुस्तकाच्या नावानुसार. जुन्या नोंदींचं अक्षर पाहत राहावं इतकं सुरेख आहे. पण गेल्या काही वर्षांतली पुस्तकं त्या वह्यांत चढलेलीच नाहीत. ती संगणकात आहेत, आणि संगणकाचा पडदा काउंटरच्या आतल्या बाजूला वळलेला आहे. नवं काय आलं हे कर्मचाऱ्यांना दिसतं, सभासदाला विचारावं लागतं.

म्हणून प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, नवीन काय आलंय?" मॅडम आणि त्यांची सहायक आठवेल ते सांगतात. एका संध्याकाळी वीस-पंचवीस जणांना पुस्तकं सुचवायची म्हटलं तर कुणालाही तीच ती आठ-दहा नावं आठवणार.

काउंटरच्या उजव्या टोकाला एक साधं टेबल आहे. परत आलेली पुस्तकं जमा करून, त्यांची कार्डं पुस्तकातल्या खिशात परत घालून, कपाटात लावायची वेळ होईपर्यंत तिथे ढीग करून ठेवतात. येणारा सभासद आधी त्या टेबलाकडे वळतो. खिडकीत नंतर. बँकेतून सुटलेली एक बाई तिथे उभी राहून एकेक पुस्तक उलटं करून मागचा मजकूर वाचत होती, तिच्या शेजारी एक शिक्षक ढिगाच्या तळाशी हात घालून काहीतरी ओढून काढत होते. दोघांनी आपापलं पुस्तक घेतलं, खिडकीत नोंद केली आणि गेले. कपाटाचं एकही कुलूप उघडावं लागलं नाही. "त्यातलीच पुस्तकं फिरत राहतात," मॅडम म्हणाल्या, "मी कपाटात लावली की ती तिथेच बसतात."

त्यांना विचारून मी दोन पुस्तकं पाहिली. पहिलं टेबलावरचं, एक लोकप्रिय कादंबरी. शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी भरून गेल्यावर तिच्यावर दुसरी चिकटवलेली, ती भरल्यावर तिसरी. शिक्के एकमेकांवर चढलेले, कडेला कुणीतरी पेनाने तारीख लिहिलेली. बांधणी दोनदा करून घेतलेली. दुसरं कपाटातलं, समुद्रकिनाऱ्यावरच्या पक्ष्यांवरचं, रंगीत चित्रांचं. दाखल १९८७चं. चिठ्ठीवर दोन शिक्के, दोन्ही पहिल्या वर्षातले. मधली पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. ज्या गावातून खाडी दिसते तिथे हे पुस्तक इतकी वर्षं कुणालाच नको होतं, हे मला पटलं नाही. ते आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

दिवाळी अंकांनीही तेच सांगितलं. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली सुरू केली आणि आज छोट्या वाचनालयांचा वर्षातला सगळ्यात गजबजलेला काळ म्हणजे दिवाळीनंतरचे तीन-चार महिने. इथेही वेगळी वर्गणी घेऊन दिवाळी अंक योजना चालते. ते अंक कपाटात नसतात. दोरीला लटकवलेले असतात, टेबलावर पसरलेले असतात. लोक येतात, चाळतात, दोन नेतात, आठवड्यात परत आणतात. तीच माणसं, तेच वाचनालय, आणि तेव्हा 'लोक वाचत नाहीत' असं कुणी म्हणत नाही.

माझं निदान मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं: या गावातले लोक हाताला लागेल ते वाचतात. प्रश्न आवडीचा कमी आणि कुलपाचा जास्त आहे.

कुलूप का लागलं

कुलपामागचा हिशेब समजून न घेता ते काढा म्हणणं सोपं आहे, आणि बाहेरून आलेले सल्लागार हेच करतात.

वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. दाखल नोंदवहीत त्याची ओळ असते: तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, कुठून आलं. ग्रंथपाल बदलला की नवा माणूस त्या वहीप्रमाणे कार्यभार घेतो आणि यादीवर सही करतो. सही केली की पुस्तक त्याच्या जबाबदारीवर. इथे पूर्वी झालेल्या एका पडताळणीत बरीच पुस्तकं सापडली नाहीत. तेव्हाच्या ग्रंथपालांनी ती भरपाई काही महिने स्वतःच्या पगारातून दिली. त्यांनी पुस्तकं नेली असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. यादीवर त्यांची सही होती एवढंच. कपाटांना कुलपं त्याच वर्षी लागली. आताच्या मॅडम त्यांच्या हाताखाली शिकल्या आहेत. त्यांनी ते पाहिलेलं आहे.

आता पगाराचं बघा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याने वाचनालयं सरकारच्या ताब्यात घेतली नाहीत. गावातल्या नोंदणीकृत संस्थांनी ती चालवायची, शासनाने मान्यता देऊन अनुदान द्यायचं आणि तपासणी करायची, ही आपल्या राज्याची रीत. मद्रासच्या १९४८च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी उपकर बसवला, कर्नाटकानेही १९६५च्या कायद्यात बसवला. महाराष्ट्राने उपकर न लावता राज्याच्या तिजोरीतून ग्रंथालय निधी ठेवला. या रीतीचा फायदा असा की वाचनालय गावाचं राहतं. तोटा असा की कर्मचारी ना सरकारी ना धड खासगी. अनुदान हप्त्यांनी येतं, त्यातला निम्मा भाग पगाराचा, उरलेल्यात पुस्तकं, नियतकालिकं, बांधणी, वीजबिल. २०२२ मध्ये अनुदानाचे दर ६० टक्क्यांनी वाढले, त्याने थोडा श्वास मिळाला, तरी वेतनश्रेणीची जुनी मागणी अजून मागणीच आहे. अशा पगारात एखादा हजार रुपयांचा कोश गेला तर तो घरखर्चातून जातो. मॅडमनी कुलूप लावलं यात मला तरी दोष दिसत नाही. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

दुसरी गोष्ट ग्रंथसंख्येची. वाचनालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, कामाचे तास, कर्मचारी अशा निकषांवर. संख्या खाली आली तर वर्ग खाली, वर्ग खाली तर अनुदान खाली. त्यामुळे कुणी काही काढून टाकत नाही. कपाटांमध्ये अभ्यासक्रम बदलून गेलेली गाइडं आहेत, डॉस शिकवणारी संगणकाची पुस्तकं आहेत, अर्धी पानं वाळवीने खाल्लेली चरित्रं आहेत. निर्लेखन, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून रीतसर बाद करणं, करता येतं, पण यादी, ठराव, मंजुरी हा लांबचा रस्ता, आणि शेवटी हातात काय तर कमी झालेली संख्या. चांगली पुस्तकं या गर्दीत दडून जातात. कुलूप काढलं आणि ही गर्दी तशीच ठेवली तर वाचक एकदा येईल, धूळ झटकेल आणि पुन्हा टेबलाकडे वळेल.

तिसरी गोष्ट मांडणीची, आणि ती बाहेरच्याला चटकन लक्षात येत नाही. इथली पुस्तकं दाखल क्रमांकाने लावलेली होती. कर्मचाऱ्याला नंबर सांगितला की पुस्तक सापडतं, त्यामुळे बंद कपाटाला ही पद्धत सोयीची. पण क्रमांक १२०१ कादंबरी, १२०२ आयुर्वेद, १२०३ बालकविता, १२०४ सहकार कायदा अशी ती रांग. वाचकाला हे कपाट उघडून दिलं तरी त्याला काही सापडणार नाही.

ठराव

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला, पुस्तकं उपयोगासाठी आहेत, प्रत्येक ग्रंथालय कार्यक्रमात भाषणात येतो. त्या नियमाच्या विवेचनात त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांची आठवण दिली आहे, जिथे पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असत. साखळ्या गेल्या तरी वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्यायला आणखी बराच काळ लागला. लंडनच्या क्लर्कनवेल भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन यांनी १८९४ साली वाचकांना फळ्यांपर्यंत सोडलं तेव्हा सहव्यवसायी त्यांच्यावर तुटून पडले होते, चोऱ्या होतील म्हणून. म्हणजे आपल्या तालुक्यातली भीती जुनी आणि प्रतिष्ठित आहे. मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

खरा उपयोग झाला तो एका कोरड्या सरकारी नियमाचा. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीत, २०१७च्या आवृत्तीत, २१५वा नियम ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पडताळणीचा आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी. वीस ते पन्नास हजार असतील तर किमान तीन वर्षांतून एकदा. त्यापुढे नमुना मोजणी. आणि वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी मानावं, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. एक हजार रुपयांहून महागाचं पुस्तक गेलं, किंवा दुर्मीळ पुस्तक कुठल्याही किमतीचं असो, तर चौकशी झालीच पाहिजे.

हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे, आमच्या वाचनालयाला तो बांधील नाही. पण मंडळाला एक मोजपट्टी हवी होती, ती मिळाली. या मोजपट्टीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की गहाळची मुभा वापराशी बांधली आहे. वर्षाला दहा हजार वेळा पुस्तकं हातात गेली तर पन्नास गहाळ होणं क्षम्य. एकही पुस्तक कुणी हाताळलं नाही तर मुभाही शून्य. पुस्तकं सांभाळायची म्हणून वाचकाला लांब ठेवणाऱ्या ग्रंथपालाला हा नियम काहीच बक्षीस देत नाही.

बैठक सोपी झाली नाही. खजिनदारांचा विरोध होता. "उद्या तपासणीला अधिकारी आले आणि पुस्तक नसलं तर उत्तर कोण देणार?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. अध्यक्षांनी उत्तर दिलं, "मंडळ देईल. मॅडमच्या एकटीच्या सहीवर हे ठेवायचं नाही." मग ठराव झाला. दरवर्षी मे महिन्यात पूर्ण पडताळणी, दोन मंडळ सदस्यांसह. हजारी पाचच्या आत गहाळ असेल तर ग्रंथपालाकडून वसुली नाही, मंडळ ठराव करून नोंद घेईल. कोश, विश्वकोशाचे खंड, जुने गॅझेटियर, शिळाछापाची पुस्तकं आणि बांधीव जुने अंक कुलपातच राहतील, मागितल्यावर तिथेच बसून वाचायला मिळतील. बाकी कपाटं टप्प्याटप्प्याने उघडायची.

मला विचाराल तर या प्रकरणातला निर्णायक क्षण हा ठराव. कपाटं नंतर उघडली, पण मॅडमच्या डोक्यावरचं ओझं इथे उतरलं.

दारं काढली

पहिल्या टप्प्यात बालविभागाची दोन आणि कादंबऱ्यांची तीन कपाटं घेतली. नुसती कुलपं काढून चालेना. दोन रांगांमधली वाट अरुंद, काचेचं दार उघडलं की वाट बंद. मग गावातल्या सुताराकडून बिजागऱ्या काढून दारंच उतरवली. स्मरणार्थ लिहिलेल्या पट्ट्या कपाटाच्या माथ्यावर होत्या, त्या तशाच राहिल्या, नाहीतर देणगीदारांच्या घरून फोन आले असते. काउंटरची जाळी काढली आणि एक टोक कापून आत जायला वाट केली.

मांडणीचं काम जास्त वेळ खाऊन गेलं. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या डेव्हीच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. पद्धत उत्तम आहे, पण तालुक्याच्या वाचनालयात संग्रहातला बहुतेक भाग या एकाच क्रमांकाखाली येतो, आणि पुढचे आकडे वाचकाला काही सांगत नाहीत. मॅडमनी नोंदवहीत डेव्हीचा क्रमांक ठेवला, आणि पुस्तकाच्या कण्यावर रंगीत पट्टी लावली: कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास, निसर्ग-विज्ञान, आरोग्य, इतिहास. आत लेखकाच्या आडनावाने क्रम. अभ्यासिकेतल्या चार मुली दुपारी तासभर येऊन पट्ट्या लावू लागल्या, हे कुणी न सांगता झालं. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, वर तीन वर्षं बसतेय, खाली एवढं आहे हे माहीतच नव्हतं."

पावसाळ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. कोकणात जूनपासून हवा ओलीच. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि कसर, झुरळं यांना बांधणीतली खळ म्हणजे खाद्यच. बंद कपाटात पुस्तक सुरक्षित राहतं अशी सगळ्यांची समजूत. पण ही कपाटं चिऱ्याच्या भिंतीला टेकून होती, भिंतीची ओल पत्र्यात, पत्र्याची पुस्तकांत, आणि आत हवा खेळायला जागा नाही. वर्षानुवर्षं डांबरगोळ्या टाकून वास दाबला जात होता. उघडलेली कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली तेव्हा मागच्या रांगेतल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरट बुरशी निघाली. ती वेगळी काढून, पंख्याखाली पानं उघडून, कोरड्या कुंच्याने साफ केली. त्या जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या कपाटांतली पुस्तकं बंद कपाटांतल्यांपेक्षा कोरडी राहिली, हे हाताला कळत होतं. उलट बाजूही आहे: उघड्या फळीवर धूळ बसते, खिडकीजवळच्या पुस्तकांचे कणे उन्हाने विटतात. शिपाई मामांचं रोजचं काम वाढलं. त्यांना त्याचे थोडे जास्त पैसे मिळावेत असं मी मंडळाला लिहून दिलं, आणि ते मिळाले.

परत आलेल्या पुस्तकांचं टेबल मात्र मॅडमनी हलवलं नाही. ते मुद्दाम दाराजवळ आणलं. पुस्तक परत आलं की निदान एक दिवस तिथे राहायचं. त्यात त्या रोज कपाटातली पाच-सहा न फिरलेली पुस्तकं गुपचूप मिसळू लागल्या. ही कल्पना पूर्णपणे त्यांची. कपाटाच्या फळीवर जे पुस्तक कुणी बघत नाही तेच या ढिगात असलं की कुणीतरी नुकतंच वाचून आणलंय असं वाटतं, आणि लोक उचलतात. ते पक्ष्यांचं पुस्तक याच वाटेने बाहेर पडलं.

मग काय झालं

बालविभागात पहिल्याच शनिवारी गोंधळ झाला. शाळा सुटल्यावर मुलं आली आणि फळ्यांना भिडली. मामांच्या तोंडून सवयीने निघालं, "ए, हात नको लावूस." मॅडम म्हणाल्या, "मामा, लावू दे. त्यासाठीच उघडलंय." मामा गप्प राहिले खरे, पण दिवसभर ते त्या मुलांच्या मागे मागे पुस्तकं सरळ करत फिरत होते. दोन महिन्यांनी पाहिलं तर कुठल्या वयाच्या मुलाला काय द्यायचं हे ते मॅडमना न विचारता सांगत होते. मुलं आता त्यांनाच विचारतात.

एका संध्याकाळी मुलीला घ्यायला आलेला एक रिक्षाचालक दाराशी थांबला होता. मुलगी निघेना म्हणून तो आत आला आणि निसर्ग-विज्ञानाच्या फळीसमोर उभा राहिला. सापांवरचं एक पुस्तक काढलं, चित्रं पाहिली, मग मधेच मजकूर वाचू लागला. मुलगी पिशवी घेऊन शेजारी येऊन उभी राहिली तरी त्याचं लक्ष नव्हतं. नंतर त्याने मॅडमना विचारलं, "हे घरी नेता येतं का?" तो याच गावात जन्मलेला आणि रोज या इमारतीसमोरून जाणारा माणूस. वाचनालय म्हणजे मास्तर लोकांचं, असं त्याला वाटत आलं होतं. अनामत आणि महिन्याची वर्गणी ऐकून म्हणाला, "एवढीच?" त्याच दिवशी तो सभासद झाला. जाळीच्या खिडकीत जाऊन पुस्तकाचं नाव सांगायला तो कधी आला असता असं मला वाटत नाही. खिडकीत जायला आधी काय हवं ते माहीत असावं लागतं.

तारखेच्या चिठ्ठ्यांवर फरक स्पष्ट दिसतो. वर्षानुवर्षं कोऱ्या असलेल्या चिठ्ठ्यांवर शिक्के आले, विशेषतः प्रवास, आरोग्य आणि निसर्ग या पट्ट्यांमध्ये. कादंबऱ्या आधीही जात होत्या, आता जुन्या कादंबऱ्याही जाऊ लागल्या. बायकांचं येणं वाढलं. पूर्वी अनेकजणी मुलाकडून पुस्तक मागवायच्या आणि मुलगा काउंटरवर जे हातात मिळेल ते न्यायचा. आता त्या स्वतः येतात आणि रेंगाळतात. मेमधल्या पहिल्या पडताळणीत काही पुस्तकं सापडली नाहीत, पण ती ठरवलेल्या मर्यादेच्या बरीच आत होती. त्यातली काही चुकीच्या फळीवर निघाली, काही जूनमध्ये शाळा उघडल्यावर दप्तरांतून परत आली. खजिनदारांनी स्वतः मोजणीला बसून हा आकडा मांडला, त्यामुळे वाद उरला नाही.

नुकसानही झालं. बालविभागातली पुस्तकं फाटतात, चित्रांची पानं सुटतात, बांधणीचा खर्च वाढला आहे. मला तो खर्च योग्य जागी गेलेला वाटतो, पण अनुदानाच्या हिशेबात तो बसवताना मॅडमची ओढाताण होते. सभासदसंख्या वाढली ती थोडीच. जे आधीपासून सभासद होते ते जास्त वाचू लागले, हा मुख्य बदल. अभ्यासिकेतली मुलं, त्या चौघी आणि आणखी काही सोडल्या तर, अजूनही थेट जिना चढून वर जातात. त्यांना दोष देणं मला बरोबर वाटत नाही. परीक्षेचं वय निघून चाललेल्या मुलाला कादंबरी वाच म्हणणं फार सोपं आहे. तरी खालून वर जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर एक छोटी फळी लावावी, चरित्रं आणि निबंधांची, असं मी सुचवलं आहे. जागा मोजून झाली, फळी अजून लागायची आहे.

निर्लेखनाचं काम मात्र अडलं आहे. बाद करायच्या पुस्तकांची यादी तयार आहे, कपाटं तिच्या ओझ्याखाली आहेत, आणि ग्रंथसंख्येचा धाक तसाच आहे. तोडगा म्हणून मंडळाने ठरवलं आहे की जितकी पुस्तकं बाद होतील तितकी आधी दाखल करून घ्यायची: काही अनुदानातून, काही कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून, काही मुंबईकर मंडळींकडून. देणगीच्या बाबतीत मॅडमनी एक अट घातली आहे, आणि मंडळाने ती लेखी मान्य केली आहे. पूर्वी कुणी घर विकताना किंवा वडील गेल्यावर पोत्याने पुस्तकं आणून टाकायचे आणि ती सगळी दाखल व्हायची. आता देणगीदाराने आधी यादी पाठवायची, वाचनालयाने त्यातली हवी ती निवडायची, आणि आलेलं प्रत्येक पुस्तक पहिला आठवडा दाराजवळच्या टेबलावर राहील.

उरलेली कपाटं येत्या पावसाळ्याच्या आत उघडायची आहेत. सुताराला सांगून झालं आहे.